आधी भाव दाखव, मग गाडी फिरव

या वेळी दारव्हा तालुक्यातून पत्र आलं आहे, थोडं कापून देतो:

"दादा नमस्कार. मी खेड्यात राहते, बीएस्सी कॉम्प्युटर झालं, घरूनच वेबसाइट डिझाइनचं काम करते. नागपूरच्या एका एजन्सीमार्फत नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं काम आलं, स्कूटर आणि मालवाहू तीनचाकी, आणि कंपनीला सगळ्यात आधी विदर्भातल्या तालुक्यांतच विकायचं आहे. पण मालकांना साइट पूर्ण काळी पाहिजे, उघडल्याबरोबर व्हिडिओ, वर मोठं इंग्रजी वाक्य, मग बोटानं फिरवायची थ्रीडी गाडी. मराठी 'पुढच्या फेजमध्ये पाहू' म्हणतात. मी पहिला ड्राफ्ट बाबांना दाखवला तर बाबा म्हणे, 'गाडी तं दिसली व माय, पण भाव कुठी हाय?' मीटिंगमध्ये हे सांगावंसं वाटलं, पण तिथं सगळे शहरातले, मी बोलली तर म्हणतील खेड्यातली आहे, हिला ब्रँडिंग काय समजते. सांगू का गप्प राहून ते म्हणतात तसं करून देऊ? पैशाची पण गरज आहे. नाव छापू नका."

ताई, सांग. नक्की सांग. पण काळा रंग चांगला का पांढरा चांगला या भांडणात पडू नको, ते भांडण मालकच जिंकते कारण पैसे त्याचे आहेत. तुला सांगायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते तुझ्या बाबांनी अर्ध सांगून टाकलं.

उरलेलं अर्ध असं की आपल्याकडे गाडी घेताना वेबसाइट एकटा माणूस पाहत नाही. फोन पोट्ट्याच्या हातात राहते, पैसे बापाचे राहतात, आणि "एवढे पैसे कशाले, लोन फेडलं का आधीचं?" हे विचारणारी माय आतून ऐकत राहते. संध्याकाळी वावरातून आल्यावर ओसरीत बसून पोट्टा स्क्रीन सरकवते आणि मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणजे तुझी साइट तिघांत एक जण वाचते, दोघं ऐकतात. त्यातलं ते मोठं इंग्रजी वाक्य पोट्टा वाचतच नाही, बोटानं वर ढकलून देते, कारण ते वाचून बापाला काय सांगणार? मग व्हिडिओ, मग गाडी गोल फिरते, आणि बाप म्हणते ठेव तो फोन, शोरूमलाच जाऊन येऊ. आणि शोरूमला जाईपर्यंत फाट्यावरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची स्कूटर उभी राहते, ती घेऊन येतात.

दुसरं, पसंत पडलं की पोट्टा लिंक पाठवत नाही, स्क्रीनशॉट पाठवते. यवतमाळच्या मामाला, सोसायटीत कामाला असलेल्या भावाला, आणि एखाद्या मेकॅनिक दोस्ताला. तुझं डिझाइन गावात फिरणार ते असं तुकड्यातुकड्यांनी फिरणार. म्हणून एकाच स्क्रीनमध्ये मॉडेलचं नाव, ऑन रोड भाव, कोणत्या तालुक्याचा भाव, आणि कोणत्या तारखेचा, हे सगळं बसलं पाहिजे. वरती नाव आणि खाली तीनदा सरकवल्यावर भाव असा ठेवला तर मामाला नुसता आकडा जाते आणि मामा विचारते, कायचा भाव आहे हा?

हे दोन मुद्दे, वाचून दाखवता आलं पाहिजे आणि स्क्रीनशॉट निघाला पाहिजे, एवढे मीटिंगमध्ये मांडले तरी बाकीचं त्यातूनच निघते.

आता भावाचं. नवीन ब्रँडवाल्यांना एक्स शोरूम आकडा मोठा दाखवायचा राहते आणि खाली बारीक तारा. घेणाऱ्याला पाहिजे हातातून किती जाईल. विमा त्यात आला का (नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून एकदमच काढावा लागते, तो काही बारीक खर्च नाही), चार्जर गाडीसोबत आहे का वेगळा विकत, आरटीओचं किती, सबसिडी आधीच वजा केली का नंतर मिळणार. सबसिडीचा आकडा तर चित्रात टाकूच नको. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली तेव्हा दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरमागं (म्हणजे विजेच्या एका युनिटमागं) ५,००० रुपये आणि गाडीमागं जास्तीत जास्त १०,००० होते, एप्रिल २०२५ पासून दोन्ही आकडे निम्मे झाले. ज्यांनी पोस्टरसारखं चित्र बनवून त्यात भाव लिहून ठेवला होता त्यांचे डीलर मग गिऱ्हाइकाच्या शिव्या खातात. भाव हा लिहिलेला मजकूर पाहिजे, कंपनीतल्या माणसाला तुझ्याशिवाय बदलता आला पाहिजे, आणि खाली तारीख.

मालक म्हणाले की पूर्ण भाव आधी दाखवला तर लोक पळतात, तर त्यांना शांतपणे सांग की ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात १३ प्रकार दिले आहेत, आणि भाव आधी कमी दाखवून शेवटी वाढवत नेणं हा त्यातलाच एक. "फक्त ३ गाड्या शिल्लक" असं खोटं लिहून उलटं घड्याळ चालवणं हा पण त्यातलाच. हे तू तुझ्या मनानं बोलत नाही, नियम आहे, असं म्हटलं की खेड्यातली का शहरातली हा प्रश्नच निघत नाही.

रेंजचं पण तसंच होते. कागदावर टेस्टिंगची रेंज राहते, ती एका ठरावीक पद्धतीनं मोजलेली, एकटा माणूस, गुळगुळीत रस्ता. इकडं मागं बायको, पुढं खताची बॅग, रस्त्यात पांदण. साधा हिशेब करून पाह्य: बॅटरी ३ किलोवॅट-अवरची, म्हणजे ३,००० वॅट-अवरची आहे आणि गाडी किलोमीटरला ३० वॅट-अवर खाते असं धरलं तर १०० किलोमीटर निघतात, तेच डबल सीट आणि ओझ्यानं ४० खाल्ले तर ७५ वर येते. आता दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, जाऊन येऊन ऐंशी. म्हणजे कागदावर १०० लिहिलेली गाडी आपल्या माणसाला परत येताना दगा देऊ शकते, आणि दगा दिला तर तो पूर्ण गावाला सांगते. म्हणून इको मोड, स्पोर्ट मोडचे चकचकीत स्लायडर काढून टाक, त्याच्या जागी दोन खाने दे, कुठून आणि कुठं, खाली एकटे का डबल सीट, आणि उत्तर एका वाक्यात: जाऊन येऊन होते, किंवा तिथं एकदा चार्जिंग लागते. आकडे कंपनीच्या टेस्टिंगवाल्यांकडून खऱ्या रस्त्याचे माग, अंदाजानं भरू नको. त्यांनी नाही दिले तर तो खानाच ठेवू नको.

चार्जिंगच्या पानावर "रात्रभर लावा" एवढंच लिहून सुटता येत नाही. लाइन जाते. लोक विचारतात साध्या ५ अँपिअरच्या पिनवर चालते का १५ ची पॉवर पिन लागते, मध्येच लाइन गेली तर बॅटरीला काही होते का, मे महिन्यात ४५ डिग्रीतून आल्या आल्या लावायची का थंडी होऊ द्यायची. आणि किती टक्क्यांपर्यंतचा वेळ सांगून राहिले हे स्पष्ट लिही, जाहिरातीत ८० टक्क्यांचा वेळ देतात आणि वाचणारा तो पूर्णचा समजते. खर्च दाखवायचा तर रुपयांत ठोकून देऊ नको, ३ किलोवॅट-अवरची बॅटरी भरायला प्लगमधून, वाया जाणारी वीज धरून, साधारण साडेतीन युनिट जातात एवढं लिही आणि शेजारी युनिटचा दर टाकायला जागा ठेव, बिल प्रत्येकाच्या घरी आहेच, स्लॅब ज्याचा त्याचा वेगळा. अजून एक प्रश्न हमखास येते, लायसन लागते का? २५ च्या स्पीडच्या आतल्या २५० वॅटच्या गाडीला लायसन आणि पासिंग लागत नाही, त्याच्या वरच्याला लागते. ज्या मॉडेलला जे लागू ते त्या मॉडेलच्या पानावर, भावाच्या खालीच.

मालवाहू तीनचाकीचं पान मात्र मन लावून कर, मला वाटते तुमच्या कंपनीची खरी कमाई तिथं आहे आणि तुझ्या पत्रात त्याचं नुसतं नाव येते. ते पान स्कूटरच्या पानाची कॉपी करून चालत नाही. घेणारा दूधवाला आहे, भाजीवाला आहे, किराण्याच्या दुकानात माल पोचवणारा आहे, भाड्यानं चालवणारा आहे. त्याला टॉप स्पीड नको, त्याला पाहिजे डाल्यात काय बसते. आता पाह्य, सोयाबीनची पोती जड राहतात, डाला भरायच्या आधीच वजन पूर्ण होते, म्हणून त्याला क्विंटलमध्ये सांग, ५०० किलो नाही, ५ क्विंटल. कापूस उलटा, वजन काही नाही पण जागा खाते, म्हणून कापूसवाल्याला डाल्याची लांबी, रुंदी आणि फाळक्याची उंची फुटांत पाहिजे. संत्र्या-टमाट्यावाल्याला कॅरेट किती बसतात, एकावर एक किती थर. दूधवाल्याला चाळीस लिटरच्या कॅन किती. या चार गोष्टींचे चार फोटो, खरा माल भरलेले, तुझ्याच गावात काढता येतील. स्टुडिओतली रिकामी गाडी काळ्या बॅकग्राउंडवर कितीही फिरवली तरी डाला केवढा आहे हे त्यातून समजत नाही, कारण बाजूला मापाला काहीच नाही. स्कूटरचं पण तेच, पाय ठेवायच्या जागेत गॅसचा सिलिंडर उभा राहते का आडवा घालावा लागते, एवढा एक फोटो दहा स्पेसिफिकेशनचं काम करते.

काळा रंग, व्हिडिओ, थ्रीडी याबद्दल भांडायचं नाही, दाखवायचं. बाजारातला स्वस्त फोन घे, ज्याच्या स्क्रीनला तडा गेला आहे असाच घे, दुपारी बारा वाजता अंगणात उभी राह्य आणि मालकांची काळी साइट उघड. काळ्यावर बारीक राखाडी अक्षरं उन्हात दिसत नाहीत, आपलंच तोंड दिसते. वाचायला सोपं पडावं म्हणून अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात साडेचारला एक एवढा तरी फरक पाहिजे असा वेब ॲक्सेसिबिलिटीचा नियम आहे, मोजायची टूलं फुकटात मिळतात, मोजून आकडा दाखव. व्हिडिओ दहा सेकंदांचा असला तरी पाच-सात एमबी सहज होते, आणि संध्याकाळपर्यंत दिवसाचा डेटा संपत आलेला राहते. गूगलचा स्वतःचा मापदंड आहे की पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी. याचा एक मिनिटाचा व्हिडिओ दुसऱ्या फोननं शूट कर आणि मीटिंगमध्ये काही न बोलता लाव.

पण एक गोष्ट मालकांच्या बाजूनं पण पाह्य. नवीन कंपनी आहे, नाव कोणी ऐकलेलं नाही, त्यांना मोठं दिसायचं आहे आणि ते काही चुकीचं नाही, गावातला माणूस पण भुरट्या कंपनीची गाडी घेत नाही, मागच्या काही वर्षांत गल्लीबोळात उघडून बंद झालेली ई-बाइकची दुकानं त्यानं पाहिली आहेत. फक्त मोठेपणा त्याला काळ्या रंगातून दिसत नाही. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर, त्यात काय येत नाही, आणि बिघडली तर कोणत्या गावात कोण पाहणार, यातून दिसते. म्हणून तालुका निवडला की सर्व्हिस सेंटरचं नाव, पत्ता, फोन आला पाहिजे, आणि नसेल तर सरळ लिहायचं की तुमच्या तालुक्यात सध्या नाही, जवळचं अमुक ठिकाणी. मालकांना हे झोंबेल. तरी धरून ठेव. व्हिडिओ त्यांना पाहिजेच असेल तर भावाच्या खाली दे, दाबला तरच चालू होईल असा, आधी नुसता फोटो. त्यांचंही राहते, तुझंही राहते.

तालुक्याचं म्हटलं तर, डीलर शोधायला पिनकोड विचारू नको आणि लोकेशनची परवानगी मागून नकाशा उघडू नको. जिल्हा, मग तालुका, दोन याद्या, झालं. फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल, बास. ईमेल कोणाला आठवते? ओटीपी लावायचा असेल तर लक्षात ठेव की नंबर बऱ्याचदा बाबांचा टाकतात आणि बाबांचा फोन तेव्हा त्यांच्यासोबत वावरात राहते, म्हणून तीस सेकंदांत ओटीपी मारून टाकणारी स्क्रीन नको. खाली अंगठ्याच्या जागी दोन मोठी बटणं कायम, कॉल आणि व्हॉट्सॲप. आणि फोन कधी येईल ते लिही, सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर असं निवडता आलं तर फारच चांगलं, भरदुपारी फवारणीत कोण फोन उचलते.

हप्त्याचं कॅलक्युलेटर सगळेच टाकतात. १ लाख, १० टक्के, ३६ महिने, की महिन्याला ३,२२७ च्या आसपास येते. नोकरीवाल्याला आणि दूधवाल्याला हे बरोबर बसते. कास्तकाराचा पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन-कापूस विकला की येते, म्हणून ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ता राहते. तुमच्या कंपनीच्या फायनान्सवाल्याकडे तशी सोय आहे का हे विचार. असेल तर ती पहिल्या टॅबवर टाक, नसेल तर मालकांना सांग की ही सोय लावली तर डिझाइन न बदलता गाड्या विकतील. डिझाइनरनं असं बोलायचं नसते असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

आता मराठी. पुढच्या फेजमध्ये ती येत नाही, हे तुला पण माहीत आहे. त्यापेक्षा तू पहिला ड्राफ्टच मराठीत कर आणि इंग्रजी नंतर बसव. इंग्रजीसाठी बनवलेल्या डब्यात मराठी कोंबली की मात्रा वरून कापल्या जातात, उकार खालच्या ओळीवर चढतात, बटणातलं वाक्य दुसऱ्या ओळीत जाते. ओळींमधली जागा दीडपटीपेक्षा थोडी जास्तच ठेव. अक्षरांमध्ये अंतर टाकायची जी फॅशन आहे ती देवनागरीवर अजिबात लावू नको, शिरोरेषा तुटते आणि शब्द ठिगळासारखा दिसते. फाँट मुक्त आणि फुकट आहेत, मुक्ता आहे, नोटो सान्स देवनागरी आहे. कोडवाल्याला पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला लाव, ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. भावातले स्वल्पविराम तपास, तयार टेम्पलेट १,१९,००० ला ११९,००० करून ठेवते आणि वाचणारा गडबडते. शब्द दुकानात चालतात तेच ठेव, टेस्ट राइड, ऑन रोड, डाऊन पेमेंट, सर्व्हिसिंग. आणि लिहून झालं की स्वतः मोठ्यानं वाचून पाह्य, जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य मोड.

खेड्यातली म्हणून काय म्हणतील, याचं सांगतो. त्या मीटिंगमध्ये बसलेल्यांपैकी ज्या गिऱ्हाइकाला गाडी विकायची त्याच्या घरी रोज जेवणारी तू एकटीच आहे. पण हे तोंडानं म्हणायचं नाही, वाईट लागते त्यांना. बाबा, शेजारचा दूधवाला, एखादी अंगणवाडीवाली ताई, असे चार-पाच जण बसव, मालकांना पाहिजे तो आणि तुझा मराठीतला, दोन्ही ड्राफ्ट त्यांच्या हातात दे, ऑन रोड भाव शोधायला सांग आणि बाजूला गप बस. मदत करू नको, बोट पण दाखवू नको. किती वेळ लागला आणि कुठं अडकले ते लिहून काढ, परवानगी घेऊन फक्त हात आणि स्क्रीन शूट कर, चेहरे नको. एजन्सीवाल्याला मालकांच्या आधी दाखव, त्याला डावलून थेट वर गेली तर तो दुखावते आणि पुढचं काम जाते. एवढं करूनही मालक म्हणाले की काळीच पाहिजे, तर काळी करून दे, अक्षरं तेवढी पांढरीशुभ्र आणि जाड ठेव, भाव वर ठेव, आणि पैसे घे. त्यात काही कमीपणा नाही.

आणि पैशाचं आत्ताच ठरव. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल पाठवू नको, बदल कितीदा फुकट आणि त्याच्यापुढं किती रुपये हे मेलवर लिहून घे, फोनवरचं चालत नाही. मराठी मजकूर कोण लिहिणार हे पण त्याच मेलमध्ये विचार. "तुम्हाला येतेच ना मराठी" म्हणून ते काम हळूच तुझ्या अंगावर टाकतील, आणि ते डिझाइनपेक्षा जास्त वेळ खाते, त्याचं बिल वेगळं लाव. दसऱ्याला लाँच करायचं म्हणत असतील तर भावाचं पान आणि डीलरची यादी सगळ्यात आधी चालू करून माग, लोक दसऱ्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच चौकशी करतात, बाकीची पानं मागून आली तरी चालते.